हौसेची गाडी

दर पावसाळ्यात बंद पडायची आणि दिवाळीच्या आगेमागे पुन्हा सुरू व्हायची, अशी एक रेल्वे आमच्या मुलुंडपासून जेमतेम पंचावन्न किलोमीटरवर सुरू होते. पेपरातली बातमी ठरलेली, ‘माथेरानची राणी पुन्हा रुळावर’. फोटो ठरलेला, इंजिनाला झेंडूच्या माळा. आणि बातमीतलं एक वाक्यही ठरलेलं, ‘यामुळे पर्यटकांची सोय होणार आहे’. आई ही बातमी दरवर्षी मोठ्यानं वाचून दाखवते, जणू नात्यातल्या कुणाला हॉस्पिटलातून डिस्चार्ज मिळालाय.

यंदाही वाचली. मग चष्मा काढून म्हणाली, “सोय कसली गं त्यात?”

तिचा प्रश्न रास्त आहे. मुलुंडहून कर्जत लोकल पकडली की तासा-सव्वातासात नेरळ. नेरळहून टॅक्सीत बसलं की अर्ध्या तासाच्या आत माथेरानच्या वेशीवरचा दस्तुरी नाका. तेच नेरळहून मिनी ट्रेनमध्ये बसलं तर माथेरानपर्यंतच्या एकवीस किलोमीटरला अडीच तासांच्या वर लागतात. बसायला मिळालं तर. या हिशेबात सोय कुठे बसते ते मलाही कधी सापडलेलं नाही. पण गाडी बंद होती तेव्हा आम्ही माथेरानला गेलोच नाही, हेही तितकंच खरं. “गाडी सुरू झाली की जाऊ,” असं म्हणत वर्षं काढली.

आणि थोडीथोडकी नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच पावसात माथेरानचा मार्गही वाहून गेला. मुंबई आठवड्याभरात लंगडत का होईना चालू लागली. ही गाडी २००७ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिची शंभरी भरत आली होती. मग मे २०१६ मध्ये आठवड्याभरात दोनदा डबे घसरले आणि गाडी बंद. पुढच्या वर्षी आधी अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) ते माथेरान एवढाच तुकडा चालू झाला, नेरळहून गाडी निघायला २०१८ चा जानेवारी उजाडला. २०१९ च्या पावसानं पुन्हा माती नेली. नंतर कोविड. अखेर २२ ऑक्टोबर २०२२ ला नेरळहून गाडी सुटली. या सगळ्या काळात आईचा एक गुडघा बदलून झाला, दुसऱ्याची तारीख तिनं दोनदा पुढे ढकलली.

मुंबईत बंद पडलेली रेल्वे परत येत नाही, हेही ध्यानात घ्या. अंधेरीहून ट्रॉम्ब्याला रेल्वे जायची, हे आज कुणाला सांगितलं तर तो मेट्रोबद्दल बोलतोय असं समजेल. १९२८ ला सुरू झालेला तो मार्ग १९३४ ला बंद झाला. बॅलार्ड पिअरला बोटीतून उतरून थेट फ्रंटियर मेलमध्ये बसायचे, ते स्टेशनही गेलं. गावाकडच्या लोकांनी विदर्भातल्या बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेसाठी किती अर्ज केले असतील. शहराला रूळ नको झाले की त्याखालची जमीन हवीशी होते. माथेरानचे रूळ वाचले, कारण त्याखाली घेण्यासारखी जमीनच नाही. आहे तो कडा.

तो कडा मी जवळून पाहिलाय, तोही गाडी बंद असतानाच. २०२१ च्या डिसेंबरात ऑफिसातल्या चौघांबरोबर पेबच्या किल्ल्यावर गेले होते. पेबला जायची एक वाट दस्तुरीहून चक्क रुळांवरून जाते. गाडी चालू असताना त्या वाटेनं चालायचं म्हणजे मागे कान लावून. तेव्हा मात्र रूळ आमच्याच मालकीचे होते. रुळांची रुंदी दोन फूट, ६१० मिलिमीटर. दोन पाय दोन रुळांवर ठेवून उभं राहता येतं, इतकी. मी राहिले उभी. गंज बुटांच्या तळव्याला लागला, विटकरी, ओलसर, आणि घरी आल्यावर बाथरूमच्या फरशीवर त्याचा ठसा दोन दिवस गेला नाही. रुळांच्या मध्ये वाळकं गवत गुडघ्याएवढं. एका वळणावर पावसानं खालची माती अशी नेली होती की खडी ओघळून गेली होती आणि रूळ कडेला हवेत होते, भिंतीला टेकवायची शिडी कुणी आडवी धरावी तसे. त्याच्याच पुढे कामगार तारेच्या जाळीच्या पेट्यांमध्ये दगड रचत होते. गॅबियन म्हणतात त्याला. सिमेंटची भिंत पाणी अडवते आणि मग एक दिवस पाण्यासकट जाते. ही दगडांची पेटी पाणी जाऊ देते आणि माती धरून ठेवते. एक म्हातारेसे गृहस्थ एकेक दगड हातात फिरवून, त्याची सपाट बाजू शोधून बसवत होते. घाई नाही. आमच्यातला एकजण म्हणाला, “काका, कधी सुरू होणार गाडी?” ते म्हणाले, “आम्ही दगड लावतो. गाडीचं साहेब लोकांना विचारा.”

पुढे कड्यावरचा गणपती दिसतो. अख्ख्या खडकालाच रंगवून केलेला, पन्नासेक फूट उंच. याच गाडीच्या एका मोटरमनला इंजिनातून येता-जाता त्या खडकात गणपतीचा आकार दिसला, असं सांगतात. मला ही गोष्ट पटते. ताशी वीस किलोमीटरच्या आत चालणारं इंजिन हाकणाऱ्या माणसालाच डोंगरात असं काही दिसायला वेळ मिळणार. कर्जत लोकलच्या मोटरमनला सिग्नलाशिवाय काय दिसणार?

मुळात ही रेल्वे कुणी सोय म्हणून बांधलीच नव्हती, असं माझं मत आहे. आता वाद घालायचा तर घाला. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये डोंगर चढून गेले आणि माथेरान साहेबांच्या नकाशावर आलं. पुढची पन्नास वर्षं लोक नेरळहून पालखीतून, घोड्यावरून, नाहीतर पायी चढत होते आणि त्यांचं भागतही होतं. मग मुंबईचे सर आदमजी पीरभॉय. तंबू, चामडं आणि फौजेला लागणाऱ्या नाना वस्तू पुरवणारे बोहरा व्यापारी, धारावीत त्यांची टॅनरी होती. एकदा नेरळला त्यांना वर जायला काही वाहनच मिळालं नाही, परत फिरावं लागलं, आणि तिथेच त्यांनी ठरवलं की इथे रेल्वे आणीन, अशी दंतकथा आहे. खरी असो नसो, रेल्वे मात्र आणली. १९०४ ला काम सुरू, मुलगा अब्दुल हुसेन नेरळला तळ ठोकून, खर्च सोळा लाख, आणि २२ मार्च १९०७ ला गाडी सुरू. त्या काळचे सोळा लाख! नफ्यातोट्याचा विचार करणारा कुठलाही मुनीम “शेठ, राहू द्या” असंच म्हणाला असता. आपल्याकडे याला एक सरळ शब्द आहे, हौस. हौसेला मोल नसतं.

हौस असली तरी बांधणी कच्ची नव्हती. वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा काही ठिकाणी चढ. काही वळणांची त्रिज्या अवघी साठ फूट. अशा वळणावर साधं इंजिन अडकेल, म्हणून जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कोपेलकडून इंजिनं मागवली, त्यांचे पुढचे आणि मागचे आस जागच्या जागी थोडे डावी-उजवीकडे सरकायचे. म्हणजे इंजिन वळणावर अक्षरशः कंबर हलवायचं. त्यातलं एक आता इंग्लंडला पोहोचलंय, हौशी मंडळींकडे.

मी त्या इंजिनामागे बसलेय. १९७९ चा डिसेंबर, शाळेची सहल, मी चौथीत. आठवतं फार थोडं. डोळ्यात गेलेली कोळशाची कच, आमच्या बाईंनी पदराचं टोक ओलं करून ती काढली, आणि डब्याच्या टोकाला एक माणूस लोखंडी चाक धरून उभा होता. परतीच्या उतारावर इंजिनानं शिटी दिली की तो ते चाक गरगर आवळायचा, दुसरी शिटी झाली की सैल करायचा. प्रत्येक डब्यावर असा एकेक ब्रेकवाला. अख्खी गाडी त्यांच्या मनगटांवर उतरायची. मला वाटलं होतं, मोठेपणी हेच काम करायचं. पुढे मी अकाउंट्समध्ये गेले. २०१६ च्या अपघातांनंतर डब्यांना एअर ब्रेक बसवले, ते योग्यच झालं.

गाडी सुरू झाल्यावर २०२२ च्या डिसेंबरात आम्ही निघालो. आई, मी आणि माझा भाऊ. तिकीट आगाऊ काढून ठेवायची सोय नाही, नेरळच्या खिडकीवर गाडीच्या आधी मिळतं, हे मला ठाऊक होतं. पण आईचा डबा. मेथीचे पराठे, दही वेगळं, लोणचं वेगळं, आणि ऐनवेळी “थर्मास कुठे ठेवलास?” या सगळ्यात आमची ठरलेली लोकल गेली. नेरळला पोहोचलो तेव्हा रांग खिडकीपासून स्टेशनच्या बाहेर. आमच्यापुढच्या सात-आठ जणांवर तिकिटं संपली. कुणाचा दोष नाही. डबे इनमीन पाच-सहा आणि लोक सगळ्या मुंबईचे. आई रुळांच्या कडेला उभी राहून गाडी सुटताना बघत राहिली. गाडीतल्या पोरांनी तिला टाटा केला. तिनंही केला. मग आम्ही टॅक्सीत बसलो.

दस्तुरीला टॅक्सी थांबते. पुढे मोटार नाही. माथेरान हे देशातलं बहुधा एकमेव हिल स्टेशन, जिथे तुमची गाडी कितीही मोठी असली तरी तुम्ही पायउतार होता. प्रवेशकर भरायचा, आणि मग तेव्हा घोडा, हातरिक्षा, हमाल किंवा आपले पाय. लाल माती, दोन-अडीच किलोमीटर. गुडघा बदललेल्या बाईला घोडा नको. हातरिक्षा तर आईनं बघितली आणि मान फिरवली. “माणसानं माणसाला ओढायचं? मी इथेच बसते बाई, तुम्ही जाऊन या.” रिक्षावाले दादा हसले, म्हणाले, “आजी, आम्हालाही कुठे हौस आहे.” (चौऱ्याण्णव परवानाधारक हातरिक्षावाले होते तिथे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा महिन्यांत ही प्रथा बंद करा आणि ई-रिक्षा द्या, असं सांगितलं. ही गोष्ट उशिराच झाली.)

मग आम्हाला अमन लॉजची शटल सापडली. दस्तुरीपासून पाच-सात मिनिटांवर स्टेशन, तिथून पंधरा-वीस मिनिटांत थेट बाजारपेठेत. आणि खरं सांगते, त्या शटलमध्ये बसल्यावर मला पेपरातलं ‘सोय’ हे वाक्य पहिल्यांदा पटलं. आमच्या डब्यात एक मुलगी कॉलेजची बॅग मांडीवर ठेवून झोपली होती. दोन बायकांच्या पायाशी भाजीची पोती. एका माणसाच्या हातात नवाकोरा मिक्सर, खोक्यासकट. कोविडनंतर २०२० च्या नोव्हेंबरात नेरळची गाडी बंद असतानाही ही शटल आधी चालू केली गेली. ते का, हे त्या पोत्यांकडे बघून कळतं. २०११ च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या आत वस्ती असलेल्या गावाला भाजी, गॅस, औषध, सगळं खालून वर आणावं लागतं. गाडीचे शेवटचे अडीच किलोमीटर गावाचे आहेत. म्हाताऱ्यांचे आहेत. आधीचे अठरा हौसेचे.

आणि मला ते अठराच हवे होते. आईलाही.

फेब्रुवारीत पुन्हा गेलो. या वेळी डबा नाही, वडापाव नेरळलाच. अंधारात मुलुंड सोडलं आणि रांगेत आमचा नंबर सहावा. बाकावर समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघे लागतात. आईसमोर नाशिकचं एक जोडपं होतं, त्यांनी न सांगता तिचा बदललेला गुडघा ओळखला आणि पाय आखडून घेतले. गाडी सुटली ती सायकलवाल्यानं मागे टाकावं अशा वेगानं. जुम्मापट्टीला थांबली. ठाकर बायका पळसाच्या पानांवर बोरं घेऊन खिडकीशी. आईनं वीस रुपयांची बोरं घेतली, पहिलं चाखलं, “आंबट आहेत,” म्हणाली आणि आणखी वीसची घेतली. वळण आलं की आपल्याच गाडीचं इंजिन खिडकीतून समोर दिसतं, उलट्या दिशेनं जाताना. आई दर वेळी तितक्याच आश्चर्यानं म्हणायची, “अगं, ते बघ, आपणच!” नाशिकचे गृहस्थ मोबाइलवर हिशेब करत होते, इथून पुढे इतकी वळणं. बोगदा आला. अख्ख्या मार्गात एकच, त्याचं नाव वन किस टनेल, कारण तेवढ्याच वेळात तो संपतो. नाशिकच्या बाई लाजल्या. आईनं बोगद्यात डोळे मिटले होते की मिटल्यासारखं केलं होतं, मी विचारलं नाही. बाबा जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती, आणि लग्नानंतर ते दोघं इथे आले होते एवढंच मला माहीत आहे. फोटो एकच आहे, पॅनोरमा पॉइंटचा, त्यात दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर.

वॉटर पाइप स्टेशनावर एका माकडानं शेजारच्या डब्यातून चिप्सचं पाकीट नेलं. बाकी तिथे काही घडलं नाही. खालून माथेरानला पाणी चढवणारी पाइपलाइन तिथून जाते, आणि नावही वॉटर पाइप. रेल्वेला नाव ठेवण्याची कल्पनाशक्ती कमी पडली, असं आधी वाटलं होतं. मग वाटलं, डोंगरावरच्या गावाला पाणी कुठून येतं हे एका स्टेशनच्या नावानं रोज सांगणं वाईट नाही.

त्याच वर्षी जुलैत इर्शाळवाडी गेली. माथेरानच्या पॉइंटवरून इर्शाळगड दिसतो. त्याच्या पायथ्याची वाडी एका रात्रीत डोंगराखाली. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद ठेवतात, याबद्दल मी पूर्वी कुरकुरायचे. वाटायचं, पावसातच तर खरी मजा. ती कुरकुर मी सोडली. हे डोंगर माती धरून किती दिवस राहतील, हे आपल्या हौसेवर नाही. तो दगड हातात फिरवणारा म्हातारा माणूस मला तेव्हा पुष्कळदा आठवला.

फेब्रुवारीच्या त्या दिवशी परतताना आम्ही टॅक्सीच घेतली, आईची पाठ भरून आली होती. ड्रायव्हर बोलका होता. मी विचारलं, गाडी बंद असते तेव्हा तुमचा धंदा वाढत असेल?

“कुठलं ताई,” तो म्हणाला. “लोक गाडीसाठी येतात. तिकीट मिळत नाही. मग आमच्याकडे येतात. गाडीच नसली तर येतील कशाला?”

मी मागे वळून आईकडे बघितलं. डिसेंबरातली आमची टॅक्सी अशीच ठरली होती.

घाटात रस्ता रुळांना ओलांडून जातो, तिथे आम्हाला थांबावं लागलं. खालून वरची गाडी येत होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाला, “गेली पाच मिनिटं.” आईनं काच खाली केली. उरलेली बोरं तिच्या मांडीवर रुमालात होती. आधी इंजिन, मग एकेक डबा, खिडकीखिडकीतून हात बाहेर. एक पोरगा तिच्याकडे बघून ओरडला, “आजी, चला!”

“आत्ताच जाऊन आले रे,” आई म्हणाली, आणि बी थुंकून पुढचं बोर तोंडात टाकलं.